पाण्याचा पाठ

मखमलाबादच्या छाया काकडच्या नाकावर राग असतो, हे तिथे कुणालाही विचारा. सासू भागीबाई तर दारात आलेल्या माणसाला आधीच बजावते, "आमच्या सुनबाईला उलटं बोलू नका बरं का, लय तापट हाय." खरंच आहे ते. बसच्या रांगेत कुणी मध्ये घुसला, की छायाचा आवाज पार पलीकडच्या टपरीपर्यंत ऐकू जातो आणि घुसणारा गपगुमान मागे जाऊन उभा राहतो. पण भांडण तिचं स्वतःचं फार क्वचित असतं. दुसऱ्याचं भांडण अंगावर घ्यायची तिला खोड आहे. ही गोष्ट अशाच एका भांडणाची. फक्त ह्या वेळी ज्याच्यावर ती चिडली, त्यात तिचा स्वतःचाही हात होता.

शिकायला लागली तीसुद्धा रागापायीच. लग्नानंतर ती गंगापूर रोडच्या एका प्लेग्रुपमध्ये मदतनीस होती. तिथे ज्ञानेश नावाचं एक पोर आलं, साडेतीन वर्षांचं. बसायचं नाही, गाण्याला टाळ्या वाजवायचं नाही, खिडकीशी उभं राहून डोळ्यांसमोर बोटं हलवत राहायचं. थोडे दिवस गेले नाहीत तोच मालकीणबाईंनी त्याच्या आईला गोड आवाजात सांगितलं, "ह्याच्यासाठी दुसरीकडे बघा ना. तिथे त्याचं जास्त चांगलं होईल." आई मान खाली घालून निघाली. छायाने मालकीणबाईंना दारातच गाठलं. "दुसरीकडे म्हणजे कुठे? पत्ता तरी द्या ना त्या बाईला!"

मालकीणबाई जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, राहू दे त्याला. उद्यापासून तुमच्याकडेच देते. कसं बसवायचं, कसं बोलतं करायचं, ते सांगा." आता छाया काय सांगणार? तिला काय येत होतं? दोन बडबडगीतं आणि नाक पुसणं. त्या दिवशी मालकीणबाईंचा जेवढा राग आला, त्याच्या दुप्पट तिला स्वतःचा आला. घरी येऊन तिने नवऱ्याला, समाधानला सांगून टाकलं, की मी विशेष शिक्षणाचा डिप्लोमा करणार, दोन वर्षांचा, अशा मुलांची शिक्षिका होणार.

समाधान फुलांची पाटी बांधत होता. म्हणाला, "कर की. पण सकाळी फुलं कोण तोडणार?"

"का? तुझ्या हाताला मेंदी लागलीय?"

भागीबाईने पदर तोंडाशी धरला. "अगं बाई, येड्या पोरांची मास्तरीण व्हायला पण शाळा लागती का?"

"लागते," छाया म्हणाली. "शहाण्यांची व्हायला नाही लागत, म्हणून तर त्यांचं असं वाटोळं होतं."

कॉलेजात आली आणि छायाला चिडायला रोज नवीन कारण मिळायला लागलं. पाठाचं टाचण किती सुवाच्य आहे ह्याला गुण. थर्माकोलचा हत्ती किती रंगीत आहे ह्याला गुण. सगळ्या मुली शैक्षणिक साहित्य दुकानातून तयार आणायच्या, त्यावर आपलं नाव चिकटवायच्या आणि मिरवायच्या. ज्या मुलाला पाठ द्यायचा त्याला तो हत्ती दिसतो का, कळतो का, ते विचारायला कुणाला सवड नाही. छाया वर्गात उभी राहून बोलायची. मार्गदर्शक प्रतिभा मॅडम शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "छाया, तू फार मनाला लावून घेतेस." बाई तशा वाईट नव्हत्या. शिकवायच्या तर छानच. पण एवढी वर्षं तेच ते पाठ बघून त्यांच्या मनाला घट्टे पडले होते.

दुसऱ्या वर्षी सरावासाठी छायाला एका विशेष शाळेचा बालवर्ग मिळाला. शाळेचं नाव राहू दे. जुन्या नाशकाच्या अंगाला, दोन खोल्या, एक पडवी, मागे मोरी. अगदी लहान पोरं, तीन ते सहा वर्षांची. तिथे तिच्या वाट्याला अभ्यासासाठी आली अफरीन.

अफरीन पाचाच्या घरात होती. दाट कुरळे केस, त्यांना खोबरेल तेलाचा वास, आणि ओठ मिटून सतत एकाच सुरात गुणगुणायची. बोलायची अजिबात नाही. हाक मारली तर बघायची नाही, पण डब्याचं झाकण जमिनीवर फिरवून दिलं, की पालथी पडून त्याच्याकडे अशी बघत बसायची, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. तिचा बाप अकबर पत्र्याच्या पेट्या बनवायचा. आई मासूमा रोज तिला कडेवर घेऊन यायची, एवढी मोठी पोर, कारण रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला की अफरीन तिथेच बसकण मारायची.

ह्या शाळेच्या आधी अफरीनला चार दारांवरून परत पाठवलं होतं. अंगणवाडीत म्हणाले, बोलत नाही. बालवाडीत म्हणाले, इतर मुलं घाबरतात. आणि सगळीकडे शेवटी एकच, ओली होते हो, सांगत नाही. इथेही मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला कायम घेतलं नव्हतं. "एप्रिलपर्यंत बघू," त्या म्हणाल्या होत्या. "पुढच्या वर्षाची नावं तेव्हा पक्की होतात. शू सांगायला लागली, कोरडी राहिली, तर ठेवू. नाहीतर मला नाही जमायचं. माझ्याकडे आया एकच आहे." मासूमाने त्यावर मान डोलावली होती. तिला दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

झालं. छायाने पदर खोचला. अफरीनला कोरडी ठेवायची म्हणजे ठेवायचीच. अर्ध्या-अर्ध्या तासाने तिला मोरीत न्यायचं, बसवायचं, शू झाली की टाळ्या, नाही झाली तर काही बोलायचं नाही, पुन्हा अर्ध्या तासाने न्यायचं. पुस्तकात असंच दिलंय. पहिला महिनाभर काही नाही. नेली तर शू करायची नाही, परत आणून बसवली की चटईवर. आया सुलाबाई फडकं घेऊन यायची आणि नुसतं छायाकडे बघायची. त्या बघण्यात सगळं असायचं.

आणि मग जानेवारीत अफरीन कोरडी राहायला लागली. एक दिवस, दोन दिवस, आख्खा आठवडा. छाया हवेत! प्रतिभा मॅडमनी तिला वर्गापुढे उभं करून तिच्याकडून सगळी पद्धत वदवून घेतली. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे." छाया रोज फाटकात मासूमाला विचारायची, "काल घरी गेल्यावर? रस्त्यात? कोरडी होती ना?" मासूमा म्हणायची, "हो ताई, कोरडी." "बघा! अशीच ठेवा. काय वाट्टेल ते करा, पण आता एप्रिलपर्यंत सोडू नका." मासूमा हसायची. थोडंसंच हसायची, पण छायाला तेव्हा दुसऱ्याच्या हसण्याकडे बघायला वेळ होता कुठे?

सकाळी पोरं आली, की सुलाबाई त्यांच्या दप्तरातल्या पाण्याच्या बाटल्या काढून एका बादलीत ठेवायची आणि सुटताना परत द्यायची. छायाने ते रोज पाहिलं होतं. सांडतात म्हणून ठेवत असतील, असं तिला वाटलं. खिडकीतल्या गंजलेल्या खिळ्यावरून मोठ्या बाईंशी हुज्जत घालणारी बाई ही, आणि बादलीबद्दल एक शब्द नाही विचारला.

वार्षिक परीक्षेचा पाठ एप्रिलमध्ये होता. बाहेरगावचे परीक्षक येणार, शिकाऊ बाईने त्यांच्यासमोर मुलाला शिकवून दाखवायचं. छायाने विषय घेतला, पाणी मागणे. बोलता न येणाऱ्या मुलाने पेल्याचं चित्र उचलायचं आणि बाईंच्या हातात द्यायचं, म्हणजे त्याने पाणी मागितलं. तिने स्वतः पुठ्ठ्यावर स्टीलचा पेला काढला, अगदी अफरीनच्या घरी असतो तसा. मार्चभर सराव घेतला. अफरीनला ते जमायला लागलं. चित्र उचलायची, छायाच्या तळहातावर ठेवायची.

आणि चित्र दिल्यावर अफरीनला काय मिळायचं? कुरमुरा. एक कुरमुरा आणि "शाब्बास!". ते प्रतिभा मॅडमनी सुचवलं होतं. "पाणी नको देऊस गं, पाठात सांडेल, आणि त्यात ओली झाली तर सगळं मुसळ केरात. कुरमुरे आवडतात ना तिला? तेच बक्षीस." कॉलेजात सगळ्याच मुली असं करायच्या. केळ्याचं चित्र दिलं तर लिमलेटची गोळी, चेंडूचं दिलं तर लिमलेटची गोळी. पाठ होतो, मूल बरोबर उत्तर देतं, गुण मिळतात. पण अहो, पाणी मागितलं तर कुरमुरा! थर्माकोलच्या हत्तीवरून वर्ग डोक्यावर घेणाऱ्या बाईला हे महिनाभर खटकलं नाही. कारण ह्या वेळी हत्ती तिचा होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासूनच ऊन चटके देत होतं. छायाने शेतातली शेवंती नेली होती, पाहुण्यांच्या स्वागतासाठी. पोरांना इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध, ज्यांना चालत नाही त्यांना नुसती पावडर. मोठ्या बाईंनी फाटकात मासूमाला थांबवून सांगितलं होतं, "आज पाहुणे आहेत. आज नीट पार पडलं, की नाव पक्कं करून टाकते." मासूमा पडवीच्या पायरीवर बसून राहिली, घरी गेलीच नाही.

छायाचा पाठ उशिरा लागला, बाराच्या पुढे. परीक्षक सर साधे गृहस्थ दिसत होते, छोट्या खुर्चीवर अवघडून बसलेले. शेजारच्या बाकावर त्यांची पाण्याची बाटली. अफरीन चटईवर बसली. समोर तीन चित्रं, पेला, चेंडू, पोळी. छायाने काही विचारायच्या आतच तिने पेल्याचं चित्र उचललं आणि छायाच्या हातात दिलं.

"शाब्बास अफरीन!" छायाने कुरमुरा तिच्या ओठांशी नेला. अफरीनने तोंड फिरवलं. चित्र पुन्हा उचललं, पुन्हा दिलं. छायाने दुसरा कुरमुरा दिला. तो अफरीनच्या जिभेला चिकटला, तिने तो बोटाने काढून टाकला. पुन्हा चित्र. ह्या वेळी छायाच्या तळहातावर दाबून धरलं. गुणगुणणं थांबलेलं. छायाने तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

मग अफरीन उठली. जी पोर हाक मारली तर बघत नाही, ती अनोळखी माणसाकडे चालत गेली आणि पेल्याचं चित्र तिने परीक्षकांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बाटली तिथेच बाकावर होती.

"वा!" परीक्षक म्हणाले. "अनोळखी व्यक्तीकडेसुद्धा मागणी! फार छान." आणि त्यांनी लिहायला पेन उघडलं. प्रतिभा मॅडमचा चेहरा फुलला. मोठ्या बाई दारात हात बांधून हसत होत्या. त्या खोलीत चार शिकली-सवरलेली माणसं होती, पोर पाणी मागत होतं, आणि चौघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की तिला पाणी द्यावं.

चौघांतली एक छाया होती. तिच्या डोक्यात आलं, पण उशिरा आलं. ती दाराकडे बघून म्हणाली, "सुलाबाई, पाणी आणा."

सुलाबाई पाणी आणायला गेली नाही. जवळ येऊन कानात कुजबुजली, "नाय बाई. आज पाहुणे हायेत. सकाळपासून कोणालाच नाय दिलं."

"सकाळपासून? ह्या उन्हात?"

"रोज तरी कुठं देतो? खिचडीवर एक घोट. तुमची ही तर घरून पण काय पिऊन येत नाय. म्हणून तर कोरडी ऱ्हाती."

छायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे कोरडं राहण्यामागे अर्ध्या तासाची मोरी नव्हती. टाळ्या नव्हत्या. तिच्या हाताला कसलाही गुण नव्हता. पोर कोरडी राहत होती, कारण तिच्या पोटात काही नव्हतं. आणि ह्या सुकलेल्या पोरीच्या जिवावर आपण वर्गापुढे उभं राहून पद्धत सांगितली!

"सर, लिहिताय काय?" ती एवढ्या जोराने बोलली की शेजारच्या खोलीतलं गाणं थांबलं. "ती पाणी मागतेय! चित्र कळलं ना तुम्हाला? मग द्या ना तिला!"

"छाया, पाठ चालू आहे," प्रतिभा मॅडम म्हणाल्या.

"खड्ड्यात गेला पाठ!" तिने बाकावरची परीक्षकांची बाटली उचलली, झाकण काढलं आणि अफरीनच्या हातात दिली. अफरीनने ती दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून प्यायला लागली. घोट गिळल्याचा आवाज खोलीत ऐकू येत होता. अर्धं पाणी गळ्यावरून फ्रॉकवर गेलं. बाटली रिकामी झाल्यावर तिने ती उलटी करून पाहिली. छायाने बादलीतून दुसरी आणली. ती पण अर्धी संपली. वर्गातली बाकीची पोरं जवळ आली आणि बादलीत हात घालायला लागली. सुलाबाई त्यांना मागे ओढत होती.

थोड्या वेळाने, परीक्षक निरोप घेत असताना, व्हायचं तेच झालं. अफरीन चटईवर बसल्या-बसल्या ओली झाली. ओघळ चटईवरून फरशीवर आला, परीक्षकांच्या बुटापाशी. त्यांनी पाय मागे घेतला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघू लागले.

"झालं समाधान?" मोठ्या बाई छायाला म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "आता मलाच राक्षसीण ठरवा. दुसरी आया मागून मागून माझा घसा कोरडा झालाय. सुलाबाईंची कंबर गेलीय. एकटी बाई किती पोरांचं धुणार? पालक तरी काय म्हणतात माहितीये? पोर ओलं घरी आलं तर माझ्या अंगावर येतात. तुम्ही दोन महिन्यांनी निघून जाल, छायाताई. फडकं कोण मारणार?"

"म्हणून पाणी बंद? जनावरालाही आपण—"

"भाषण नको. नियम पहिल्या दिवशी सांगितला होता."

आणि त्या पडवीत गेल्या. मासूमा उठून उभी राहिली होती, तिला आतलं सगळं ऐकू गेलं होतं. मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "उद्यापासून नका आणू. मला माफ करा."  मासूमाने ओल्या पोरीला तशीच कडेवर घेतली आणि फाटकाबाहेर पडली.

प्रतिभा मॅडम छायाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तोंडाला जरा आवर घाल. पण ऐक, सर खूश आहेत. मूल स्वतःहून अनोळखी माणसाकडे गेलं, असं त्यांनी ह्या वर्षी कुठे पाहिलं नाही म्हणे. सगळ्यात चांगला पाठ तुझा." छायाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

संध्याकाळी ती मासूमाच्या घरी गेली. बोळात पत्र्यावर हातोडे पडत होते. खरं सांगायचं तर, मनातून तिला वाटत होतं की मासूमा आपल्याला बघून रडेल, म्हणेल, ताई, तुम्ही एकट्या माझ्या पोरीसाठी भांडलात. आणि मग आपण म्हणू, तुम्ही काळजी करू नका, मी त्या बाईला सोडत नाही. असं सगळं ठरवूनच ती उंबऱ्याशी आली.

मासूमाने तिला आत बोलावलं नाही. दारातच उभी राहिली. मागे अफरीन झाकण फिरवत होती.

"काय काम होतं ताई?"

"मासूमाताई, तुम्ही तिला सकाळी पाणी का देत नव्हतात? मला सांगायचंत तरी! ह्या उन्हात पोर—"

"का देत नव्हते?" मासूमाचा आवाज फाटला. एवढ्या महिन्यांत छायाने तिचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. "तुम्ही रोज फाटकात उभ्या राहून मला काय विचारत होतात? पोरगी खूश आहे का? जेवली का? एक दिवस तरी विचारलं? कोरडी आहे का, कोरडी आहे का, बस! मी ठेवली कोरडी. आता मलाच विचारता का म्हणून?"

छायाची नजर मागे अफरीनच्या ओठांवर गेली.

"तुम्हाला काय वाटतं, मला तिचे ओठ दिसत नव्हते? मां आहे मी तिची. ती ग्लासकडे बघायची आणि मी ग्लास उचलून ठेवायचे. मग मला पण पाणी गेलं नाही घशातून. जानेवारीपासून मी पण सकाळचं पाणी पीत नाही, ताई. ती दोनला घरी आली, की मग आम्ही दोघी एकदम पितो. रमजानमध्ये लोक म्हणायचे, मासूमाचं तर वर्षभर चालू आहे." ती श्वास घ्यायला थांबली. "मी ठरवलं होतं, एप्रिलपर्यंत. नाव पक्कं झालं, की मग देईन पाणी, मग शिकेल हळूहळू. एक तास राहिला होता. एक तास! शाळा सुटायला एक तास, आणि तुम्हाला राग आला."

"ती मागत होती हो," छाया कसंबसं म्हणाली.

"मागत होती. घरी पण मागते. घरी मी देते तिला. पाणी घरी आहे, ताई. शाळा घरी नाही."

हातोड्यांचे आवाज चालूच होते. छायाला राग येत होता, भयंकर राग येत होता, आणि तो कुणावर टाकावा ते तिला कळत नव्हतं. मोठ्या बाईंवर टाकावा तर त्यांच्याकडे खरंच एकच आया होती. सुलाबाईवर टाकावा तर तिची कंबर. समोरच्या बाईवर तर काय तोंडाने टाकणार? आयुष्यात पहिल्यांदाच तिला भांडायला समोर माणूस सापडला नाही. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

"मला ती तीन महिने कोरडी दिसली," ती म्हणाली, "आणि मला वाटलं, मी शिकवलं. मी काही शिकवलं नाही, मासूमाताई. शू येण्याएवढं पाणी पोटात असल्याशिवाय शू सांगायला शिकणार कशी? आता शिकवायचं तर मुळापासून शिकवावं लागेल. ओली होईल. रोज होईल."

"कुठे शिकवणार? इथे, बोळात?"

"शाळेत. उद्या आणा तिला."

"बाईंनी नको म्हटलंय."

"ऐकलंय मी. आणा. भरपूर पाणी पाजून आणा, आणि तुम्ही पण पिऊन या. त्यांचं म्हणणं एवढंच आहे ना, की फडकं कोण मारणार? मी मारणार. कॉलेज गेलं उडत. दोन महिने आहेत तोवर मी, पुढे तुम्ही आणि मी. आणि मग बघू कुठला नियम सांगतात. आतापर्यंत त्यांना फक्त माझं तोंड माहितीये."

मासूमा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिने दार लोटून घेतलं.

रात्री जेवणानंतर छायाने भांडी आपटली नाहीत. समाधानने दोनदा भागीबाईकडे पाहिलं. सकाळी छाया निघाली तेव्हा भागीबाईने जुनं लुगडं टराटरा फाडून त्याचे तुकडे तिच्या पिशवीत कोंबले. "घे. येड्या पोरांची मास्तरीण! पुसायला निघाली आन् हातात फडकं नाय."

नऊ वाजले. शाळा भरली. सुलाबाई बादली घेऊन दारात उभी होती, एकेक बाटली काढून घेत होती. मोठ्या बाई पडवीत होत्या, त्यांनी छायाला बघून न बघितल्यासारखं केलं. बोळाच्या तोंडाशी कुणी दिसेना. सगळी पोरं आत गेली. छाया फाटकातच उभी राहिली, पिशवी छातीशी धरून, आणि मनातल्या मनात मासूमाला, स्वतःला आणि आख्ख्या नाशकाला शिव्या घालत राहिली.

मग रिक्षांच्या आडून मासूमा आली. अफरीन कडेवर होती. तिची हनुवटी ओली, फ्रॉकचा गळा ओला. मासूमाच्या ओढणीवरही पाण्याचा ओघळ होता. ती फाटकाशी येऊन थांबली आणि छायाकडे बघत राहिली, अजूनही रागातच.

"बाई, ही नाय घ्यायची," सुलाबाई बादली आडवी धरून म्हणाली. "मोठ्या बाईंनी सांगितलंय."

छायाने तिच्या हातातली बादली काढून घेतली. आत पडवीत मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. छाया त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बाजूला व्हा, सुलाबाई. आम्ही पाणी पिऊन आलोय."